तिसऱ्या खोलीचं दार

मित्रोवदानच्या सणाला पाच दिवस उरले होते, तेव्हा कोसारा आजी एकचाकी हातगाडी ढकलत रादमिलाच्या दुकानात आली. गाडीत कांबळ्यात गुंडाळलेला जुना संगणक होता. तो कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना बटाट्यांच्या पिशव्या लावल्या होत्या.

"दार लाव आधी," आजी उंबरठ्यातूनच म्हणाली. "वारा लागतोय. माझी कंबर आधीच देवाच्या भरवशावर आहे."

रादमिलाने दार लावलं. दुब्रावात लोक लांडग्याला भीत नाहीत इतके वाऱ्याच्या झोताला भितात. खिडकी आणि दार एकाच वेळी उघडं राहिलं की कोणाची मान धरते, कोणाचा कान फुटतो, कोणाला मूतखडा होतो. एका माणसाचं तर त्यापायी लग्न मोडलं असं सांगतात. दार उघडं टाकणारी बाई म्हणजे घरदार बुडवणारी बाई. हे रादमिलाला गावात सगळ्यांहून जास्त ठाऊक होतं.

"काय झालंय याला?"

"मला काय विचारतेस? डॉक्टर तू. बटण दाबलं की काळा पडदा, वर पांढरी अक्षरं. मग आपणच विझतो, आपणच पेटतो, पुन्हा तेच. घाण्याच्या बैलासारखा जागच्या जागी फिरतोय." आजीने डोक्याचा रुमाल सैल केला. "मित्रोवदानला आमची स्लावा. ओग्नेनला ग्राझहून सुट्टी नाही म्हणे. निदान पडद्यावर तरी दिसू दे मेला. घराच्या संताचा दिवस आणि घरचा नातूच नाही, बरं दिसतं का?"

"तुम्ही इथे आलात हे ओब्रादला ठाऊक आहे?"

"ओब्राद? माझा लेक म्हणतो भंगारात टाक, नवीन आणतो. नवीन चूलही तो मला तीन वर्षांपासून आणतोय. तुमच्या दोघांचं जे काय आहे ते तुमच्यापाशी. मी त्यात नाही. मला नातू बघायचाय."

रादमिलाने नेहमीप्रमाणे पावतीवर नाव आणि तारीख लिहिली. मग क्रमांक पाहण्यासाठी पेटी फिरवली आणि तिचा हात थांबला. मागच्या बाजूला पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीखाली निळ्या शाईत लिहिलं होतं: 'खोली ३'. तीनचं शेपूट आत वळलेलं. तसं तीन दुब्रावात एकच माणूस काढत असे. ती स्वतः.

"काय गं?"

"काही नाही, आजी. बघते."

*

अकरा वर्षांपूर्वी ओब्रादच्या शीतगृहात तीन खोल्या होत्या, आणि गावातल्या नव्वद घरांच्या रासबेरी तिथेच ठेवल्या जात. बेलग्रेडला अन्नशास्त्र शिकून आलेली रादमिला तिथली तंत्रज्ञ होती. तिसऱ्या खोलीच्या भिंती सर्वांत जुन्या, पण माल तिथे सर्वांत चांगला: उणे बावीसला गोठलेलं, गोट्यांसारखं वेगळं वेगळं फळ. जुलैतल्या एका सोमवारी सकाळी तिने त्या खोलीचं दार उघडलं, तर आतून आंबूस गोड वास आला आणि लाल पाणी तिच्या बुटांवरून वाहत गेलं.

नव्वद घरांची माणसं अंगणात जमली. ओब्राद पायरीवर उभा राहून एकच वाक्य बोलला, "शनिवारी दुपारी जाताना हिने दार नीट लावलं नाही."

दुसऱ्या कुठल्या गावात याला पुरावा लागला असता. दुब्रावात लागला नाही.

रादमिला म्हणाली, यंत्रच बंद सापडलं; संगणकात मिनिटामिनिटाची नोंद आहे, ती उघडा. चौकशीला शहरातून एक गृहस्थ आले. ओब्रादने त्यांच्यासमोर बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. "विजेचा झटका बसला, जळला," ओब्राद म्हणाला. गृहस्थांनी कागदावर लिहिलं 'सुरू होत नाही', आणि राकिया दारूचे तीन पेले घेऊन ते गेले. "मला पाच मिनिटं द्या," रादमिला सांगत राहिली. "सुरू होत नाही म्हणजे आतलं पुसलं गेलं असं नसतं." ओब्राद हसला होता. "आधी दार लावायला शीक," म्हणाला होता.

तेव्हापासून बसमध्ये, बेकरीत, चर्चच्या अंगणात, ती दिसली की कोणीतरी हमखास ओरडे, "रादमिला, दार!" जी पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती तीही ओरडत. म्हातारा ग्वोझ्देन त्या शनिवारची वजनाची चिठ्ठी पाकिटात बाळगून होता. ती तो तिच्या नाकासमोर धरायचा. "ही का जपलीय ठाऊक आहे? तुला शिव्या द्यायचा विसर पडू नये म्हणून."

तेही तिने सोसलं असतं. पण तिचे वडील वितोमिर यांचा माल त्याच खोलीत होता. त्यांनी कॅफेत जाणं सोडलं, मग चर्चमध्ये जाणं, मग फाटकापर्यंत जाणंही. चौथ्या वर्षी ते गेले. जाण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी तिला विचारलं, "पोरी, लावलं होतंस ना?" एकदाच विचारलं. पण विचारलं.

रादमिलाने त्यांना सांगितलं, "हो, बाबा." ते "बरं" म्हणाले. ते 'बरं' तिला अजून ऐकू येत असे. त्यात विश्वास किती आणि माया किती, हे तिला कधीच वेगळं करता आलं नव्हतं.

तिने डूख धरला होता. फक्त तो आरडाओरडा करणारा नव्हता. नोकरी गेल्यावर ती पोस्टाशेजारच्या खोलीत संगणक, फोन आणि दुकानांतली गल्लायंत्रं दुरुस्त करू लागली. शीतगृहातली ती पेटी कुठल्याशा कोठारात कुजली असेल, असं तिने धरून चाललं होतं. ती हातगाडीतून, बटाट्यांच्या मधोमध बसून तिच्याकडे येईल, हे तिला स्वप्नातही आलं नव्हतं.

*

तिने वही उघडली. तिची पद्धत ठरलेली होती: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची नोंद. घाई करणारा दुरुस्तीवाला एकदम चार गोष्टी बदलतो आणि मग कशाने बरं झालं ते त्यालाही कळत नाही.

पेटीचं झाकण काढल्यावर पहिल्यांदा दिसला मोजा. हाताने विणलेला, राखाडी लोकरीचा, मागच्या पंख्याच्या जाळीत घट्ट कोंबलेला. तिने आजीला फोन लावला.

"आजी, यात मोजा कोणी घातला?"

"मीच. तिथून गुडघ्यावर वारा यायचा. सारखा. आता वाऱ्यात बसून मी पत्ते खेळू का?"

"हा वारा त्याला गार ठेवायला असतो."

"त्याला गार ठेवायचं आणि मी आजारी पडायचं? दुसऱ्या पायातला आहे बरं का माझ्याकडे, हरवू नकोस तो मोजा."

तिने वहीत लिहिलं: 'पंखा बंद. कारण: मोजा.' मग एकेक भाग तपासला. वीजपुरवठा ठीक. घड्याळाची चपटी बॅटरी मेलेली, बदलली. स्मृतीच्या दोन्ही पट्ट्या काढून, कडा खोडरबराने पुसून परत बसवल्या, ठीक. मग उरली ती हार्डडिस्क, तळहाताएवढी. वीज दिल्यावर तिच्यातून आवाज येत होता: टक्, थोडं थांबून पुन्हा टक्. तीन हिवाळे चुलीशेजारी, मोजा कोंबलेल्या पेटीत भाजून निघाली होती बिचारी. ज्या जागी प्रणालीच्या फाइली होत्या नेमक्या त्याच जागा खराब झाल्या होत्या. यंत्र सुरू व्हायला जाई, हवी ती फाइल मिळत नसे, हात टेकी, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

दुसऱ्या कोणी ती डिस्क पुसून नवी प्रणाली टाकली असती आणि जेवायला गेला असता. रादमिलाने त्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं नाही. तिने ती बाहेर काढली, जाड फेल्टवर ठेवली, स्वतःच्या संगणकाला नुसती वाचण्यापुरती जोडली आणि जशीच्या तशी प्रत काढायला सुरुवात केली. जिथे अडेल तिथे पुढे जायचं, मग उलट्या बाजूने परत येऊन पुन्हा वाचून पाहायचं. दीड दिवसाचं काम होतं. ती समोर बसून राहिली. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशी नव्हे, बिळाच्या तोंडाशी मांजर बसते तशी.

*

एकसष्ट टक्के झाले असताना ओब्राद आत आला.

"दार मीच लावतो हं," तो म्हणाला. "तुझ्या दुकानात कोणीतरी लावायलाच हवं."

रादमिलाने मान वर केली. अकरा वर्षांत तो जाड झाला होता. आवाज मात्र तोच होता, पायरीवरून बोलल्यासारखा.

"आई माझं भंगार तुझ्याकडे टाकून गेली म्हणे. दे इकडे. म्हातारीला कळत नाही कुठे जावं आणि कुठे जाऊ नये."

"पावती आजीच्या नावावर आहे. मी त्यांनाच देईन."

"नियम! अजून नियम!" त्याला खरंच गंमत वाटली. "सुंभ जळला तरी पीळ आहेच. अगं, त्या डब्यात आहे काय? तो अकरा वर्षांपूर्वीच जळालाय."

"मग आजी तीन वर्षं कशावर पत्ते खेळत होत्या?"

तिने हे अगदी साधेपणाने विचारलं. ओब्रादचं तोंड किंचित उघडं राहिलं. भाच्याने कोठारातून काढून, वरवर नवी प्रणाली टाकून ते यंत्र आजीला दिलं, त्या दिवशी आपलं जुनं वाक्य खोटं ठरलं, हे त्याच्या डोक्यात बहुधा तेव्हाच पहिल्यांदा शिरलं. त्याने टेबलाकडे पाहिलं. टेबलावर उघडी पेटी होती, वायरी लोंबत होत्या, मोजा होता. पलीकडे फेल्टच्या तुकड्यावर एक तळहाताएवढी वस्तू टक् टक् करत होती; तिच्याकडे त्याने घड्याळाकडे पाहावं तितपतच पाहिलं.

"पावती घाल चुलीत," तो म्हणाला. त्याने पेटी दोन्ही हातांनी उचलली, काखेत मारली आणि निघाला. दारात वळून म्हणाला, "मोजा ठेव तुला. आठवण म्हणून."

रादमिला उठली नाही. बाहेर त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तिने वहीत वेळ लिहिली आणि पुढे लिहिलं: 'रिकामा डबा गेला.'

संध्याकाळच्या आत आजीचा फोन आला. "पोरी, त्याने तो कोठारात नेऊन आपटला. आता गं?"

"आपटू दे. मित्रोवदानला सकाळी तो आत आणून टीव्हीजवळ ठेवा. मी त्याचं काळीज घेऊन येते."

"तू येणार? आमच्याकडे?"

"स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही, आजी. आणि आलेल्याला कोणी घालवत नाही."

 "तसंच आहे ते," आजी म्हणाली.

*

प्रत पूर्ण झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. भाच्याने नवी प्रणाली जुनीच्या डोक्यावर टाकली होती. नवीने जुनी न मोडता एका कोपऱ्यात ढकलून दिली होती. शीतगृहाची नोंद तिथेच होती. साधी अक्षरं, दर मिनिटाला एक ओळ: वेळ, तापमान, यंत्र, दार, संकेत.

शनिवार, बारा वाजून चार मिनिटं. 'यंत्र हाताने बंद. संकेत १.' संकेत दोन तिचा होता. एक मालकाचा.

दुपारच्या महाग विजेपायी तो असं अधूनमधून करायचा, हे तिला माहीत होतं. रात्री स्वस्त दर लागले की परत सुरू करायचा. त्या रात्री केलं नव्हतं. सात चाळीसला तापमान उणे दहा, धोक्याची घंटा. सात त्रेचाळीसला 'घंटा थांबवली. संकेत १.' त्या दिवशी त्याच्या मेव्हण्याचं लग्न होतं. शर्ट बदलायला आला असेल, घंटा ऐकली असेल, गप्प केली असेल आणि परत नाचायला गेला असेल. मग रविवार. मग सोमवार सकाळ, सहा दहा: 'सुरू. संकेत २.'

तिने दाराचा रकाना मोजला. शनिवारी बारा पाचपासून सोमवारी सहा दहापर्यंत दोन हजार पाचशे सव्वीस ओळी. प्रत्येकीत एकच शब्द: बंद.

ती उठली, मोरीत जाऊन तोंड धुतलं, परत आली आणि स्वतःच्याच विरुद्ध बाजूने विचार करू लागली. तिला शिकवलंच तसं होतं. घड्याळाची बॅटरी मेली होती; मग ही वेळ खरी कशावरून? उत्तर त्याच नोंदीत होतं. वजनकाटा त्याच संगणकाला जोडलेला होता, आणि शनिवारच्या सकाळच्या चिठ्ठ्याही त्यातच उतरल्या होत्या. 'नऊ बारा. ग्वोझ्देन. दोनशे चौदा किलो. चिठ्ठी ४४७१.' ती चिठ्ठी कोणाच्या पाकिटात आहे, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तिने उझित्सेच्या वकील मावसभावाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "कायद्याने मुदत केव्हाच संपलीय, ताई. आता फार तर चौकट करून भिंतीवर लाव."

"भिंतीवर नाही," रादमिला म्हणाली.

पुढचे दोन दिवस तिने नव्या डिस्कवर प्रत उतरवली, हरवलेल्या फाइली जुळवल्या, आजीचे पत्ते आणि नातवाशी बोलायची सोय तपासली. शेवटी एक गोष्ट स्वतःची घातली: यंत्र सुरू झालं की सर्वांत आधी ती नोंद उघडेल, मोठ्या अक्षरांत. वहीत तिने लिहिलं, 'आजीचा काय दोष?' त्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या. त्या मोकळ्याच राहिल्या.

एक काटा मात्र सलत होता. पेटी कोठारात होती, म्हणून डिस्क तिच्यात बसवून चाचणी करता आली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच ती न तपासलेलं काम घेऊन निघाली होती.

*

ओब्रादच्या दिवाणखान्यात चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती. पूर्वेच्या कोपऱ्यात संताच्या तसबिरीखाली उंच मेणबत्ती तेवत होती. टेबलावर स्लावाचा पाव, उकडलेल्या गव्हाचं ताट, वाइन. ओब्राद खांद्यावर टॉवेल टाकून, हातात राकियाची सुरई घेऊन फिरत होता. त्या दिवशी यजमान बसत नाही. संतासाठी दिवसभर उभा असतो.

रादमिला दारात दिसली तसं बोलणं थांबलं. मग ग्वोझ्देन म्हाताऱ्याने वेळ साधली.

"रादमिला, दार!"

चाळीस माणसं हसली. रादमिला वळली. तिने दार लावलं, कडी बसवली, हाताने ओढून पाहिलं आणि विचारलं, "सगळ्यांनी पाहिलं ना?"

ओब्राद तिच्याजवळ आला. ओठ हलू न देता म्हणाला, "आज नको. उद्या ये, काय ते बोलू."

"स्लावाला आलेल्या पाहुण्याला काय म्हणतात, यजमान?"

चाळीस जोड्या डोळे त्याच्यावर होते. "या," तो म्हणाला. "बसा."

कोसारा आजीने गव्हाचं ताट पुढे केलं. आल्याआल्या एक चमचा तोंडात घालायचा, हा रिवाज. "आधी काम, आजी," रादमिला म्हणाली. पेटी टीव्हीजवळ ठेवलेली होती, एक कोपरा चेपलेला. तिने डिस्क बसवली, वायरी जोडल्या, बटण दाबलं.

पडदा काळा. आतून लांब शीळ आली: टीं... टीं... टीं.

"गेला!" कोणीतरी म्हणालं. "आतलं दार उघडं राहिलं असेल!" पुन्हा हशा. ओब्रादही हसला, सगळ्यात मोठ्याने. अकरा वर्षांपूर्वी हाच काळा पडदा त्याच्या कामी आला होता.

रादमिलाचे कान मात्र जागेवर होते. लांब शीळ, थांबून पुन्हा लांब शीळ: डिस्क नव्हे, स्मृतीची पट्टी. आपटल्यामुळे निखळली असणार. तिने वीज काढली, झाकण उघडलं, पट्टी काढून कडेवर खोडरबर फिरवलं, खट् आवाज येईपर्यंत दाबली. एका वेळी एकच बदल. मग पुन्हा बटण.

यावेळी एकच छोटी टिक् झाली. पडदा उजळला. आजीने हात जोडले. "ओग्नेन दिसेल आता?"

"दिसेल. आधी हे."

टीव्हीभर अक्षरं पसरली. सुरुवातीला कोणाला काही कळलं नाही. रादमिलाने त्या जुलैची तारीख मोठ्याने वाचली. मग बोटाने एक ओळ दाखवली.

"ग्वोझ्देन काका, चष्मा आहे ना?"

म्हातारा कुरकुरत उठला, पडद्याला नाक लावून वाचू लागला. "नऊ बारा... ग्वोझ्देन... दोनशे चौदा... अरे, हा मी!" त्याने पाकीट काढलं. घड्यांवर फाटलेली चिठ्ठी त्याने टेबलावर, पावाशेजारी उलगडली. दोघाचौघांनी माना घातल्या. आकडा तोच, वेळ तीच.

"म्हणजे ही त्या दिवशीची खरी नोंद," रादमिला म्हणाली. "आता खाली वाचा."

तो वाचत गेला. बारा चारपाशी थांबला. पुन्हा वाचलं, या वेळी हळू. मग ओब्रादकडे न बघता म्हणाला, "संकेत एक. हा कोणाचा, ते इथे कोणी विसरलंय का?"

कोणीच विसरलं नव्हतं. एकेकाळी ओब्राद तो आकडा दाबून पाहुण्यांना शीतगृह दाखवत असे.

"हे हिने बनवलंय!" ओब्रादचा आवाज पायरीवरून घसरला होता. "शिकलेली आहे, काहीही बनवील."

"आणि माझी चिठ्ठी?" ग्वोझ्देनने विचारलं. "ती पण हिनेच बनवून अकरा वर्षं माझ्या पाकिटात ठेवली का?"

रादमिलाने ओळी आपोआप सरकत्या केल्या. तिला एक शब्दही जास्त बोलायचा नव्हता. वेळ सरकत होती, तापमान चढत होतं, सात त्रेचाळीसला घंटा थांबली, आणि चौथ्या रकान्यात एकच शब्द वरून खाली ओघळत होता. बंद. बंद. बंद. तापमान उणे चार झालं. उणे एक. खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्या आकड्याला फळाचं काय होतं. दोन हजार पाचशे सव्वीस ओळी सरकायला सहा मिनिटं लागली. तोवर कोणी काटा उचलला नाही. पानकोबीत गुंडाळलेल्या खिम्यावर चरबी गोठली.

शेवटची ओळ थांबली तेव्हा ओब्रादने सुरई टेबलाच्या कडेला ठेवली. त्याने मागे हात नेला, खुर्ची चाचपली, आणि तो बसला.

स्लावाच्या दिवशी, भर दुपारी, मेणबत्ती तेवत असताना, यजमान बसला. ते चाळीसही माणसांनी पाहिलं. कबुलीजबाबावर सही वेगळी लागली नाही.

रादमिलाने पडदा साफ केला. मग ती गव्हाच्या ताटाशी गेली, छातीवर क्रूस केला आणि एक चमचा तोंडात घातला. हा घास जिवंतांसाठी असतो तसा गेलेल्यांसाठीही असतो. ती सावकाश चावत राहिली. लावलं होतं, बाबा.

"स्लावाच्या शुभेच्छा, यजमान," ती म्हणाली.

 ग्वोझ्देनने चिठ्ठी उचलली, घडी घालायला गेला, आणि ती कुठे ठेवावी हे न कळल्यासारखा हातातच धरून राहिला.

कबूल केलं होतं म्हणून तिने ग्राझला जोडून दिलं. पडद्यावर ओग्नेनचा हसरा चेहरा आला. "आजी! ऐकू येतंय का? अरे वा, सगळे जमलेत! ..." तो पुढे झुकला. "बाबा बसलेत का?"



कोसारा आजी पडद्याकडे पाहत होती. रादमिला पिशवी आवरत असताना, मान न वळवता तिने विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"तीन दिवस झाले."

"मला सांगायचंस."

"तुम्ही मला थांबवलं असतं."

"हो," आजी म्हणाली. "थांबवलं असतं."

रादमिलाने पिशवीतून राखाडी मोजा काढला. धुतलेला, घडी घातलेला. तो तिने आजीजवळ टेबलावर ठेवला. आजीने त्याला हात लावला नाही.

मग ती दाराशी गेली, कडी काढली आणि दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. नोव्हेंबरचा गार वारा तिच्या बाजूने आत शिरला, टेबलावरच्या चादरीचं टोक उडालं, मेणबत्तीची ज्योत आडवी झाली. ती पायऱ्या उतरली. अंगण ओलांडलं. फाटकापाशी क्षणभर थांबून तिने मागे कान दिला.

चाळीस माणसं वाऱ्यात बसली होती. दार लाव, असं कोणी म्हणालं नाही.